लांबट कक्षा

दत्तात्रयसरांचं सारं नाव एका जोडताऱ्यावर उभं होतं. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, इतके जवळ की एकातला वायू ओढला जाऊन दुसऱ्यावर पडतो. त्यांची कक्षा गोल नाही, लांबट आहे, असं सरांनी तरुणपणी मोजून दाखवलं होतं. माधवीने त्यांच्याच हाताखाली पीएचडी धरली. तिचे वडील नागोराव सिकंदराबादला रेल्वेत. सरांनी पोरीला कधी ‘कुठल्या, कोणाच्या’ विचारलं नाही, हे नागोराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

आणि आता माधवीच्या मोजणीत कक्षा गोल निघाली होती.

ताऱ्याच्या प्रकाशातल्या ज्या रेषांवरून सरांनी वेग काढला, त्या ताऱ्याच्या नव्हत्याच. मधे वाहणाऱ्या वायूच्या होत्या. तिने त्या रेषा वगळल्या, नव्याने मोजलं, चूक आपलीच असावी म्हणून पुन्हा मोजलं. गोलच.

“सर आहेत तोवर थांब की,” नागोराव म्हणाले. “ताऱ्यांना काय घाई आहे?”

“प्रबंध द्यायचाय, बाबा. खोटं कसं लिहू?”

 नागोराव जेवताजेवता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हैदराबादला बरकतपुऱ्यात सरांच्या घरी गेली. पक्षाघातानंतर सरांचा उजवा हात चालत नव्हता. “जास्ती परेशान नको करू त्यांना,” सरांच्या पत्नी प्रमिलाकाकू दारातच हळू आवाजात म्हणाल्या.

वाद होईल, सर चिडतील, म्हणून ती उत्तरं घोकून आली होती. सरांनी डाव्या हाताने आलेख जवळ ओढला. बराच वेळ पाहत राहिले.

“वायूच्या रेषा सोडल्यास?”

“हो, सर.”

“बरोबर आहे.”

“सर, तुमच्या वेळी त्या वेगळ्या ओळखणं कठीणच—”

“समजूत नको काढूस. छाप.”

“लेखावर तुमचं नाव पहिलं घालते.”

“नक्को.” वर्गात शुद्ध मराठी बोलणाऱ्या सरांच्या तोंडून हा हैदराबादी शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. काकूंनी चहा आणला, तो तिने एकटीनेच प्यायला.

लेख छापून आला. लोकांनी वाखाणला. तोंडी परीक्षेला सरांच्या जागी दुसरे प्राध्यापक बसले. इस्त्रीचा सदरा घालून आलेले नागोराव सगळा वेळ दाराकडे बघत होते. निकाल सांगितल्यावर टाळ्या वाजल्या, तेव्हाही त्यांची नजर तिकडेच होती.

“चल, पेढे देऊन येऊ,” ते बाहेर पडल्यावर म्हणाले. माधवीला जायचं नव्हतं, पण ती गेली.

काकूंनी जाळीचं दार अर्धंच उघडलं. “छान झालं गं, पोरी,” म्हणाल्या. डबा घेतला. “आत बोलावलं असतं...” आणि त्यांनी आत वळून पाहिलं. आतून सरांचा खोकला ऐकू आला. मग कुणीतरी पंखा वाढवला असावा. त्याच्या घरघरीत खोकला बुडाला.

“नमस्कार सांगा त्यांना,” नागोराव म्हणाले.

“सांगते,” म्हणून काकूंनी कडी लावली.

नागोरावांनी दारात काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या. बाप-लेक जिना उतरले.