मास्तरांनी न बसवलेली गिरकी

मी एक जुना भोंगा आहे. सिनेमात रस्त्यावरचे नाच असायचे, तेव्हा मला खांबाला टांगत. मी गाणे वाजवायचो, चाळीस जण नाचायचे आणि कौतुक व्हायचे मास्तरांचे. मास्तर म्हणजे नाच बसवणारे. मित्रांनो, मोठ्यांबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

मागच्या रांगेत एक ताई होती. तिचा डावा कान ठार बहिरा. हे कळले असते तर काम गेले असते आणि तिचे घर त्या नाचण्यावरच चालायचे. म्हणून ती रोज उजवा कान माझ्याकडे करून उभी राहायची. तिचा ठेका कधी चुकला नाही.

एकदा उताराच्या रस्त्यावर मास्तरांनी तिला पार दुसऱ्या टोकाला नेले.

"मास्तर, मला तिकडेच राहू द्या ना."

"का? तिथे सोनं पुरलंय?"

ती बिचारी काय सांगणार? आता माझ्याकडे तिचा बहिरा कान आला आणि दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून माझा आवाज तिच्यापर्यंत विस्कटत पोचला. एकोणचाळीस जणांनी गिरकी घेतली, ताईने मागाहून, एकटीने. नायकाचे काम नेमके त्याच खेपेला उत्तम झाले, म्हणून ते दृश्य ठेवले. ताईला ठेवले नाही. "पाय आहेत की ओंडके?" असे चारचौघांत बोलून मास्तरांनी तिला घरी पाठवले.

सिनेमा लागला आणि लोकांना नायकापेक्षा ती उशिराची गिरकीच आवडली. आनंदाने भान हरपलेली बाई वाटली त्यांना. मास्तर सांगत सुटले, "ती गिरकी सुचायला मला आठ दिवस लागले." निर्लज्जपणाला भोंगा लागत नाही.

पुढे मास्तरांच्या सत्काराला तोच नाच पुन्हा करायचे ठरले. मला अडगळीतून काढले. निवडीला ताईही आली, केस पिकलेली. या वेळी जागा मिळाली माझ्या शेजारी. ठेका स्वच्छ ऐकू आला आणि तिने गिरकी अगदी वेळेवर घेतली.

"उशिरा घ्यायची, बाई, उशिरा! एवढंही जमत नाही?"

"मास्तर, ती गिरकी माझीच होती. तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं."

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिले. त्यांना ओळख पटली, हे मी पाहिले.

"पुढची कोण? ये," ते म्हणाले.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. एवढेच करा. मागच्या रांगेतले कोणी "मला इथेच राहू द्या" म्हणाले, तर का ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा.