हरिबाचा लंगर आणि डावं चाक

धुळाच्या ट्रॅक्टरमागून हरिबा चालतो, हे सगळ्यात आधी मेंढरांना कळलं. माणसांना कळायला उशीर लागला, आणि धुळाला तर सगळ्यांत उशिरा.

झालं असं. वडूजच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडं धुळाची वस्ती. घरची सगळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेली. रानात कालव्याचं पाणी आलं तशी धुळानं मेंढरं कमी केली आणि सांगलीच्या जिनपाल अण्णांकडून त्यांचा जुना ट्रॅक्टर आणला. वस्तीची वाट काळ्या मातीची. पाऊस झाला की चाक जागच्या जागी गरगरतं, म्हणून मागच्या दोन्ही चाकांना साखळ्या. साखळी चिखलात चाक धरून ठेवते हे खरं, पण घट्ट जमिनीवर आली की असे ठोके देते की बसणाऱ्याच्या वरच्या दाढा खालच्या दाढांशी भांडायला लागतात.

त्या ठोक्यांनीच धुळाची झोप गेली होती. लेक उत्कर्षा बाळंतपणाला माहेरी आलेली. मागच्या खेपेला ती याच वाटेनं दवाखान्यात गेली होती आणि रिकाम्या ओटीनं परत आली होती. ठोक्यांनी असं होत नाही, ते आधीच झालेलं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं सांगितलं. धुळानं मान हलवली, पण ते काही त्याच्या आत उतरलं नाही. यंदा परतीचा पाऊस हटेना. ओढ्यावरची फरशी वाहून गेलेली, म्हणजे दवाखान्याची गाडी पलीकडं डांबरीवरच थांबणार. तिथवर लेकीला ट्रॅक्टरनंच न्यायचं होतं, आणि ठोका न बसता न्यायचं होतं.

तो सांगलीला गेला. अण्णांचं घर विश्रामबागेत, शेत पार नदीकाठाला. धर्माप्रमाणं सूर्य बुडायच्या आत जेवणारा माणूस. साखळ्या लावलेला ट्रॅक्टर शेतातून रांगत रांगत घरी यायचा, तोवर सूर्य गेलेला असायचा आणि अण्णा उपाशी झोपायचे. त्या भुकेनं त्यांना ही विद्या शिकवली होती.

"तुझी साखळी शिडीगत हाय, धुळा," अण्णा म्हणाले. "चाक एका पायरीवर चढतंय आन्‌ मधल्या खड्ड्यात पडतंय. मधली जागा भर. खाटंची नवार विणत्यात तशी तिरकी साखळी वीण. चाकाला खड्डा गावलाच न्हाई पायजे. मी तर मडगार्डवर बसून केस विंचरत येतो गड्या."

अण्णांच्या डोक्यावर केस म्हणून नव्हता, पण धुळाला मुद्दा कळला.

वडूजच्या दुकानात मात्र एका चाकापुरतीच साखळी निघाली, ती उजव्या चाकाला लागली. बाकीची पाऊस उघडल्यावर येणार. लेकीचे दिवस तर भरत आलेले. धुळा घरी आला आणि गोठ्याच्या आढ्याकडं बघत बसला.

आढ्याला हरिबाचा लंगर टांगलेला होता. हरिबा म्हणजे धुळाचा बाप. खंडोबाच्या जत्रेत लंगर तोडायचा मान त्याचा. खुंटाला बांधलेली लोखंडी साखळी दोन्ही हातांत धरून एका हिसक्यात तोडायची, की साल सुखाचं. हरिबानं जन्मभर तोडली. शेवटची तेवढी तुटली नाही, आणि त्याच पावसाळ्यात म्हातारा गेला. असा न तुटलेला लंगर देवाचा असतो, घरकामाला त्याला कुणी हात लावत नाही.

धुळानं लावला. नातीच्या पोटातल्या जिवासाठी घेतोय, म्हाताऱ्याला कशाला वाईट वाटेल, असा त्यानं हिशेब केला. छिन्नी घेऊन तुकडे करायला बसला आणि थांबला. तोडायचा मान आपला नव्हे. मग त्यानं अख्खा लंगर डाव्या चाकावर नागमोडी विणला, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ताणून बसवला आणि दोन्ही टोकं वेल्डिंग करून एकमेकांत जोडून टाकली. आपण देवाचा मान राखला, या समाधानात भंडारा वाहून तो जेवायला बसला. लंगर तोडला असता तर हरिबानं चार शिव्या हासडल्या असत्या आणि विसरला असता. पण जी साखळी तुटायची वाट बघत होती, ती धुळानं कायमची जोडली होती.

चाल मात्र अशी झाली, की काय सांगावं. अंबूबाई, धुळाची बायको, मडगार्डवर दह्याचं भांडं मांडीत धरून बसली आणि वस्तीला फेरा मारून आली. एरवी उतरेपर्यंत त्याचं ताक झालं असतं. आज सायीला सुरकुती पडली नाही. उत्कर्षा पुष्कळ दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी धुळा बांधावरून येत होता. भर दुपार. भाकरीसाठी त्यानं इंजिन बंद केलं, आणि चाकं थांबल्यावरही साखळी वाजत राहिली. खळ्‌... खळ्‌... कुणी ओढत ओढत मागून यावं तशी. चाकापाशी आली आणि थांबली. धुळानं वळून पाहिलं. ओल्या वाटेवर ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या, आणि त्यांच्या मधोमध पाणी हळूहळू गोल गोल हलत होतं, आत्ताच कुणी पाय काढून घेतल्यासारखं. समोर मेंढरं चरत होती. त्यांनी सगळ्यांनी एकदमच माना वर केल्या, काहीतरी चालत जाताना बघावं तशा सावकाश डावीकडून उजवीकडं वळवल्या, आणि वाट दिली. कुत्रं भुंकलं नाही. शेपूट हलवत राहिलं.

धुळानं भाकरी तशीच बांधली. घरी त्यानं फक्त पावसाचं बोलणं काढलं. पण ट्रॅक्टर दारात आला की अंबूबाई डोक्यावर पदर घ्यायला लागली, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. त्यानं विचारलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मामंजी येत्यात न्हवं तुमच्या मागनं. त्यांच्याम्होरं उघड्या डोस्क्यानं कशी हुबी राहू?"

त्यानं लंगर काढायचं ठरवलं. वेल्डिंग कापायचं यंत्र आणायला निघाला, तेवढ्यात उत्कर्षाला कळा सुरू झाल्या.

ट्रॉलीत कडबा, कडब्यावर गोधड्या, गोधड्यांवर उत्कर्षा, तिचं डोकं अंबूबाईच्या मांडीवर. पाऊस धरून होता. वाटेनं एक ठोका बसला नाही. ओढ्याचं पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत होतं, तेही पार झालं. पलीकडच्या चढणीवर, डांबरीवर उभी असलेली दवाखान्याची गाडी दिसायला लागली, आणि ट्रॅक्टर थांबला. चाक गरगरत नव्हतं, रुतलंही नव्हतं. इंजिन बोंबलत होतं, पुढची चाकं उचलायला लागली होती, आणि डावं चाक मात्र कुणी मागून धरल्यासारखं उभं. त्यावरचा लंगर तारेसारखा ताणलेला. मागं ओढा फुगत चाललेला.

"आबा," धुळा वळून म्हणाला, "चुकलं माजं. तुमचाच हाय त्यो. पर पोरगी वर जाऊ द्या, मग तोडा."

लंगर आणखी ताणला. आत्ता तुटला तर ट्रॅक्टर ट्रॉलीसकट ओढ्यात. अंबूबाई पदर सावरत मागं बघत होती. तिनं विचारलं, शेवटल्या वेळी मामंजींनी लंगर ओढला तेव्हा तिथं होतं तरी कोण.

धुळाला तो दिवस दिसला. टाळेबंदीचं साल. जत्रा बंद. रिकाम्या देवळापुढं म्हातारा आणि तो, दोघंच, तोंडाला फडकी बांधून. पोलिसांच्या भीतीनं धुळानं तोंडातून शब्द काढला नव्हता. एरवी लंगराला हात घातला की सगळी जत्रा गर्जायची, त्या गर्जनेवर हिसका बसायचा. त्या दिवशी हरिबा गर्जनेची वाट बघत ओढत राहिला, ओढत राहिला आणि खाली बसला.

"येळकोट म्हना," अंबूबाई म्हणाली. "त्यास्नी येळकोट पायजे."

धुळानं म्हटलं. पावसात ते चार हातांवरही गेलं नाही. अंबूबाईनं आवाज मिळवला. लंगर थरथरला, पण तुटला नाही. दोघांच्या आवाजाची जत्रा थोडीच होते. इतक्यात उत्कर्षाला कळ आली. तिनं कडबा मुठीत धरला आणि आईच्या तोंडचेच शब्द घेऊन अशी आरोळी दिली, "येळकोट येळकोट जय मल्हार", की डांबरीवरच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला.

हिसका बसला. लंगर तुटला, ट्रॅक्टर मात्र मागं गेला नाही. वर गेला. लोक सांगतात, साखळी तुटल्याच्या झटक्यानं चाक सुटलं. धुळा सांगतो, दोन हातांनी ट्रॉली मागून रेटली, आणि ते हात कुणाचे हे मला विचारू नका. चढण, कड, डांबरी, आणि सगळ्यात एक धक्का नाही. उत्कर्षाला गाडीत घेतलं, अंबूबाई चढली, गाडी वडूजकडं गेली.

धुळा रस्त्यावर ट्रॅक्टरपाशी राहिला. इंजिन बंद केलं. पाऊस पानांवर वाजत होता, बाकी काही नाही. तो कान देऊन बराच वेळ थांबला. मागून काही आलं नाही.

फोन वाजला तेव्हा अंबूबाईचा आवाज नीट ऐकू येईना. मुलगी झाली होती, रडत होती, आणि उत्कर्षा चहा मागत होती. धुळानं फोन खिशात घातला आणि सवयीनं मागं वळला, बापाला सांगायला. वाटेवर साचलेलं पाणी अगदी स्थिर होतं.

तरी त्यानं सांगितलं. मोठ्यानं, सगळं, नाव काय ठेवायचं तेही विचारलं, आणि मग भिजत उभा राहिला.