चुन्याच्या रेघेच्या आत

"आई, शी आली."

नीदानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पाटकऱ्याच्या टोपीतून फक्त सात चिठ्ठ्या निघाल्या होत्या. आत अजून चाळीस तरी होत्या.

फोर्तुनातानं पोरीचा हात दाबला. "दम धर जरा."

"धरला की."

"आनखी धर."

आता साडेतीन वर्षांच्या पोरीनं दम धरायचा म्हणजे किती? बरं, काल आत्याच्या वावरात शिरून पोटभर हिरव्या शेंगा खाल्लेल्या, त्याही कच्च्या. फोर्तुनाताला रात्रीच कळायला पाहिजे होतं. पण तिच्या डोक्यात पाण्याशिवाय दुसरं काही शिरतच नव्हतं.

आयापाम्पात पाण्याचं वाटप वर्षातून एकदा व्हायचं. मक्याच्या पेरणीच्या तोंडावर सगळं गाव देवळासमोरच्या मैदानात जमायचं. पाटकरी तेओदोरो आपली जुनी लोकरी टोपी उलटी धरायचा, तीत सगळ्या वावरांच्या चिठ्ठ्या. नाव निघालं की तो चांदीच्या कड्याची काठी जमिनीवर आपटायचा. तीन ठोके. तिसऱ्या ठोक्याच्या आत माणसानं पुढं जाऊन काठीला हात लावायचा आणि आपल्या वावराचं नाव घ्यायचं. नाही जमलं, तर त्याची पाळी खालच्या वावराला. मग वर्षभर आभाळाकडं बघत बसा.

फोर्तुनाताचं वावर कान्तूपाता. त्याच्या खालचं वावर सिप्रियानोचं. आणि हा सिप्रियानो चार हात लांब उभा राहून नावापेक्षा फोर्तुनाताकडंच जास्त बघत होता. मांजर दुधाकडं बघतं तसा.

"वहिनी, पोरगी लई वळवळतीया," तो म्हणाला. "घेऊन जा की तिकडं व्हाळाला. तुझं नाव निघालं तर सांगतो मी."

"तुम्ही सांगाल व्हय! निघाल्यावर, का तिसरा ठोका पडल्यावर?"

"चांगलं सांगाया जावं तर ही तऱ्हा."

ओढा पाव कोसावर, आणि मैदानाभोवती चुन्याची रेघ. नाव निघेपर्यंत ती ओलांडायची नाही. ओलांडली की माणूस गैरहजर. पूर्वी असं काही नव्हतं. गडी नाव लिहून चिचा, म्हणजे मक्याची दारू, प्यायला पसार व्हायचे आणि बायकांनी ठोके मोजत बसायचं. दोन वर्षांपूर्वी याच मैदानात उभी राहून एक बाई ओरडली होती, "रेघ मारा! जो भाईर गेला तो मेला!" गावानं टाळ्या वाजवल्या होत्या. ती बाई म्हणजे ही फोर्तुनाताच. तिचा नवरा रुफिनो त्या वर्षी ठोक्याच्या वेळी चिचाच्या मडक्याशी सापडला होता. आता तो समुद्राकाठच्या मळ्यांत द्राक्षं तोडत होता आणि रेघ मात्र इथंच होती. दुसऱ्यासाठी बांधलेल्या दाव्यात आपलाच पाय अडकावा, तशी गत.

दहावं नाव. अकरावं.

"आई, आता लई आली."

मैदानाच्या कोपऱ्यात संडास उभा होता. पांढराशुभ्र, निळ्या दाराचा, दाराला लाल फीत आणि फितीखाली मुठीएवढं कुलूप. वर्ष झालं असेल. प्रांताचे साहेब येऊन फीत कापणार होते. साहेबांना सवड नव्हती. किल्ली तालुक्याला, तीन तासांच्या वाटेवर. शेजारच्या भिंतीवर रंगवलेलं होतं: मैदान घाण करणाऱ्यास दंड आणि चार दिवस पाट उपसणे.

"काय जुलूम हाय बघा," फोर्तुनाता शेजारच्या कासिमिराला म्हणाली. "समोर संडास, अन् पोर तोंड वाकडं करून बसलंय."

कासिमिराचं नाव तिसऱ्यालाच निघालं होतं. ती मोकळी होती, तरी गंमत बघत बसली होती. "दे माझ्याकडं, मी नेते," म्हणत तिनं नीदाला उचललं. झालं! पोरीनं असा टाहो फोडला की देवळावरची कबुतरं उडाली. अंग लाकडासारखं ताठ केलं, कासिमिराच्या वेणीला लोंबकळली. पोटात कळ असली की लेकराला आईच लागते, तिथं चुलत मावशीला कोण विचारतो?

"ठेव बाई, ठेव खाली. हिथंच व्हायचं न्हाई तर," फोर्तुनाता म्हणाली.

बाराव्या नावाला फोर्तुनाताला घाम फुटला. वारा गार होता, उंचावरचं ऊन नुसतं चावत होतं, धूळ दातांत करकरत होती, आणि ही बाई घामानं निथळत होती. उठावं तर पाणी जातंय, बसावं तर पोर जातंय. तिला रडूच यायला लागलं. रुफिनोचा राग आला, शेंगांचा आला, त्या साहेबाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाचा आला.

पलीकडून साबिना आजीनं सगळं पाहिलं होतं. साबिना म्हणजे पाटकरी तेओदोरोची आई, दात दोन आणि जीभ मात्र धडधाकट.

"अगं ए, बघत काय बसलीस? परकर कशाला हायेत? टाच मार अन् बस."

हे काही नवं नव्हतं. आयापाम्पाच्या बायका एकावर एक तीन परकर नेसतात, ते काय नुसते थंडीसाठी? माळावर झाड नाही, झुडूप नाही. आडोसा अंगावर घेऊनच फिरावं लागतं. लेकराला लागली की टाचेनं खळगा उकरायचा, वरच्या दोन परकरांचा घेर पसरून बसायचं, लेकरू आत. वरून बघणाऱ्याला बाई उन्हात बसलीय एवढंच दिसतं. झालं की टाचेनंच माती लोटायची. नवऱ्यांना कळत नाही आणि देवाला चालतं. फक्त एक होतं, पोराचं उरकेपर्यंत बाईला हलता येत नाही.

म्हणून तर फोर्तुनाता इतका वेळ थांबली होती. पण तेराव्या नावाला नीदाचे डोळे पांढरे झाले आणि मग विचार करायला जागाच उरली नाही. तिनं टाच मारली. आतला परकर गुडघ्यावर खोचला, पोरीला आत घेतलं, घेर पसरला.

"कर बाई. पर लवकर कर."

"लवकर येत न्हाई," परकरातून आवाज आला.

"मगाधरनं तर लई घाई हुती!"

"आता अंधार हाय."

तेओदोरोनं टोपीत हात घातला, चिठ्ठी उलगडली, डोळ्यांजवळ नेली.

"फोर्तुनाता कोंदोरी! कान्तूपाता!"

ठक्. पहिला ठोका.

"हजर!" ती बसल्या जागेवरून ओरडली. "हाय मी! ही काय, दिसतीया न्हवं?"

"हजर म्हंजे काठीला हात," सिप्रियानो लगेच बोलला. "बसून हजर तर दगडं बी असत्यात."

"तेओदोरो भावजी, जरा थांबा."

तेओदोरो भला माणूस होता, पण नियमाला चिकटलेला. त्यानं सख्ख्या भावाची पाळी एकदा घालवली होती. त्याचा चेहरा पडला. "ये की गं वहिनी पुढं. दहा पावलं हायेत."

फोर्तुनाता अर्धी उठली. आतून दोन मुठी तिच्या नडग्यांना आवळल्या आणि आवाज आला, चांगला खणखणीत, "आई, हलू नको! आत्ताशी व्हाया लागलीया!"

मैदान फुटलं. गडी पोट धरून हसले. पोरीच्या जिवाला लाज नव्हती, पण आईला वाटलं धरणी फाटावी आणि आपण परकरासकट आत जावं.

"बघा, वहिनीनं पाळी सुरू बी केली," सिप्रियानो म्हणाला. "हिला आनखी पाणी कशाला?"

ठक्. दुसरा.

"तेओदोरो!" साबिना आजी फोर्तुनाताच्या शेजारी येऊन कडाडली. "तिसरा मारशील तर याद राख! तुझा बाप हिथं नाव पुकारत हुता तवा तू माझ्या परकराखाली हुतास, हिथंच, ह्याच दगडापाशी! अन् तुला काय लवकर होत हुतं व्हय?"

"आई, गप की गं," तेओदोरोचे कान लाल झाले. "काठी जागची हलत न्हाई. नियम हाय. मी तरी काय करू?" काठी वर उचललेली होती. तोही बिचारा अडकलेलाच.

फोर्तुनातानं एकदा काठीकडं पाहिलं, एकदा सिप्रियानोच्या मिशीकडं. कान्तूपातातली ढेकळं तिच्या डोळ्यांपुढं आली. मग तिनं कमरेला हात घातला आणि नाडी ओढली. एक नाडी, मग दुसरी.

"कासिमिरा, धर! आजी, तुम्ही त्या अंगानं धरा! नीदा, आई हिथंच हाय, परकर घट्ट धर."

पोरीच्या मुठी नडग्या सोडून परकराला गेल्या. परकराला आईचाच वास होता. दोघी बायकांनी घेर कनातीसारखा वर धरला आणि फोर्तुनाता त्यातून बाहेर पडली. अंगावर राहिला फक्त आतला परकर, पिठाच्या पोत्याचा, घरी शिवलेला. लोकरीला पैसे कुणाकडं असतात? सगळ्याच बायका आत पोतं नेसतात, पण कुणी गावाला दाखवत नाही. ती दहा पावलं पळाली आणि तिच्या पाठीमागं सगळ्या गावानं निळी ठसठशीत अक्षरं वाचली. सिप्रियानोनं तर मोठ्यानं वाचली.

"पन्नास किलो! ओलाव्यापासून जपा!"

हसण्याचा असा लोट आला की तिसरा ठोका पडला की नाही हे कुणालाच ऐकू आलं नाही. पण तेओदोरोला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ठोका पडायच्या आत तिची मूठ चांदीच्या कड्यावर होती.

"कान्तूपाता," ती म्हणाली. धाप लागली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलं नाही.

"कान्तूपाता, गुरुवार, पहिलं पाणी," तेओदोरोनं जाहीर केलं. सिप्रियानो तेवढा हसायचा थांबला.

काठीला हात असेपर्यंत माणसाला एक गोष्ट बोलायचा हक्क असतो. गावची रीतच आहे. कुणी पाटाच्या फुटीबद्दल बोलतं, कुणी मेंढरांबद्दल. फोर्तुनाता पोत्यातच उभी होती. लाजायचं तेवढं लाजून झालं होतं.

"ते कुलूप फोडा," ती म्हणाली.

"अगं, साहेब यायचेत..." तेओदोरो म्हणाला.

"साहेबाला आली असंल तर त्यो बी येईल."

साबिना आजीनं परकराचं टोक दुसऱ्या एका बाईच्या हातात दिलं, वाटेतला धोंडा उचलला आणि संडासाकडं चालायला लागली. संडास रेघेच्या आतच होता, नशीब. चार घावांत कोयंडा निघाला. फीत आजीनं दातानं तोडली, आहे त्या दोन दातांनी. बायकांनी एकच गलका केला. दार उघडलं.

आत सिमेंटची सहा पोती होती, ओलाव्यानं दगड झालेली. चुन्याचे रिकामे डबे होते. बाकी खाली सपाट जमीन. भांडं नाही, खड्डा नाही, साधं भोकसुद्धा नाही. चार भिंती, दार आणि कुलूप.

आजीनं हातातला धोंडा खाली टाकला.

"वरीसभर," ती म्हणाली, "वरीसभर आपन ह्या कुलपाला मान देत हुतो."

फोर्तुनाता परत आली. नीदाचं झालं होतं, ती कासिमिराच्या ओच्यातले भाजलेले मक्याचे दाणे खात होती. फोर्तुनातानं परकर चढवले, नाड्या आवळल्या, टाचेनं माती लोटली आणि खाली बसली. तिचं नाव झालं होतं, ती घरी जाऊ शकत होती. पण बाकीच्यांची नावं ऐकत ती तिथंच राहिली.

तेओदोरोनं पुन्हा टोपी घेतली. पंधरावं नाव झालं, सोळावं झालं.

"वहिनी..."

तिनं वर पाहिलं. सिप्रियानोची बायको मेलानिया उभी होती. तालुक्याची पोर, पँट घालायची. आमच्या घरात ती पोती चालत नाहीत, असं सिप्रियानो चारचौघांत सांगायचा. तिच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा पाय आखडून कण्हत होता. तोही काल त्याच शेंगांत होता.

"जागा हाय का गं? व्हाळापतुर न्हाई दम धरायचा ह्यो," मेलानियानं खालच्या आवाजात विचारलं.

फोर्तुनातानं आधी मान वळवली. सिप्रियानोकडं बघून घेतलं, चांगलं डोळे भरून. तो चुन्याच्या रेघेकडं बघत होता, पण रेघेबाहेर पाऊल टाकत नव्हता. कसा टाकणार? मग तिनं दुसऱ्या जागी टाच मारली आणि घेर उचलला.

"ये रं राजा," ती मोठ्यानं म्हणाली. "आत ये. फकस्त त्या अक्षरांस्नी जप, ओलाव्याचं कापड न्हाई ते."

बायका हसल्या. सिप्रियानोनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि तसाच उभा राहिला. त्याचं नाव अजून निघायचं होतं.