तहानलेली अक्षरं

स्वयंपाकघरातला नवा ओटा काँक्रीटचा होता आणि तो धाकटीनं एकटीनं केला होता. फळ्यांचा साचा बांधला, माल कालवून ओतला, सुकल्यावर आधी जाड आणि मग बारीक पॅड लावून पाणी मारत घासला. हात भरून आले, केसांत राखाडी गाळ बसला. थोरली जाऊ दारात उभी राहून म्हणायची, "रिकामटेकडीला खेळ मिळालाय." धाकटीनं कानाडोळा केला. तोंडाला तोंड देत बसलं की कामाचा विचका होतो.

पण ओट्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसायला लागलं आणि थोरलीचा सूर पालटला. जिला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही, ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती की ओटा मीच केला, या हातांनी. धाकटीनं फार तर पाणी मारलं असेल, असंही वर. धाकटीनं हे शेजारच्या खोलीतून ऐकलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

आता फक्त ओट्यात पाणी मुरू न देणारा सीलर लावायचा राहिला होता. तिनं चिकटपट्टीची अक्षरं कापली, शेगडीशेजारी जिथं थोरली नेहमी उभी राहायची तिथं दाबून बसवली आणि वरून सीलर फिरवला. तो मुरल्यावर पट्ट्या सोलून टाकल्या. कोरडा ओटा सगळीकडे एकसारखा दिसत होता. सीलर लागला तिथं आता काही शोषलं जाणार नव्हतं, तेवढी अक्षरं मात्र तहानलेली होती. थोरलीच्या मैत्रिणी ओटा बघायला येणार होत्या; त्या येईपर्यंत ओटा ओला करू नका, असं तिनं घरात बजावून ठेवलं.

मैत्रिणी आल्या. थोरलीनं साचा कसा बांधला ते हातवारे करून सांगितलं, आणि त्या हातवाऱ्यांतच कॉफीचं भांडं कलंडलं. कॉफी ओट्यावरून ओघळून गेली. मागे काळीभोर अक्षरं उमटली.

"रिकामटेकडी," एका मैत्रिणीनं वाचलं आणि थोरलीकडे पाहिलं. "हे पण तूच लिहिलंस?"

थोरलीनं ओलं फडकं फिरवलं. अक्षरं आणखी गडद झाली. मग तिनं लिंबू कापून घासायला घेतलं. लिंबू काँक्रीटला खातं, हे ओटा केलेल्या बाईला ठाऊक असतं. धाकटी आपल्या कपावर फुंकर मारत बसली. बारीक फेस आला, आणि फेस ओसरला तेव्हा अक्षरं बोटाला लागतील इतकी खोल गेली होती.

थोरलीचा चेहरा पडला. मैत्रिणींसमोर तिला धाकटीकडे वळावंच लागलं. "अगं, हे जाणार कसं?"

धाकटीला फार बरं वाटलं, अगदी पोटातून.

"मला काय विचारता, ताई? ओटा तुम्ही केलात," ती म्हणाली. "मी आपली रिकामटेकडी."