चौकटीबाहेरची नोरा

मी एक जुना फोटो. आयर्लंडमध्ये, विक्लोच्या डोंगरातल्या एका ओढ्याकाठी माझा जन्म झाला. त्याला एकशेवीस वर्षं झाली. तेव्हा तिथल्या वाळूत लोक सोनं शोधायचे. माझ्यात एक मिशीवाले साहेब परात धरून उभे आहेत. खाली लिहिलंय, 'सोन्याचा पहिला मानकरी'.

ते खोटं आहे. सांगताना आजही मान खाली जाते.

सोनं सापडलं नोराला. एकोणीस वर्षांची ती मुलगी आठवडाभर गुडघाभर गार पाण्यात उभी राहून वाळू धूत होती. हरभऱ्याएवढा खडा तिच्याच परातीत चमकला. मग जमिनीचे मालक, म्हणजे हेच मिशीवाले साहेब आले, पाठोपाठ फोटोग्राफर आला. "पोरी, जरा बाजूला हो," तो म्हणाला. परात साहेबांच्या हातात गेली. समोर होतं ते मी टिपलं.

पुढे कितीतरी वर्षं मी एका हॉटेलच्या भिंतीवर मिरवलो. लोक साहेबांचं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, हेही कबूल करतो. हॉटेल बंद पडलं, तसा वाचनालयाच्या खोक्यात गेलो.

यंदा स्वरूपानं मला बाहेर काढलं. ती मूळची नागपूरची, आता राहते आयर्लंडमधल्याच ॲडम्सटाउनला, आणि इथे वाचनालयात जुने फोटो स्कॅन करते. एका सकाळी ऐंशीच्या घरातल्या ब्रिडीबाई आल्या.

"माझी आजी नोरा म्हणायची, सोनं मला सापडलं. गाव हसायचं. तुमच्याकडे काही आहे का?"

स्वरूपानं मला पडद्यावर मोठं केलं. "साहेबांचे बूट बघा, कोरडे आहेत. आणि ही डावी कड बघा."

कडेला ओला घागरा होता आणि एक हात. त्याची करंगळी अर्धीच होती.

"गवत कापताना तुटली होती तिची," ब्रिडीबाई म्हणाल्या. "मीसुद्धा हसायचे. तिच्या शेवटच्या नाताळात तिनं पुन्हा विषय काढला. मी म्हटलं, पुरे ना आजी, किती थापा मारशील."

स्वरूपानं खुर्ची जवळ ओढली आणि त्यांच्या हातात पेन दिलं. ब्रिडीबाईंनी माझ्याखाली नवी ओळ लिहिली: 'सोनं नोराला सापडलं. ती डावीकडे, चौकटीबाहेर.'

आता मी वाचनालयाच्या दालनात आहे. खरं बाहेर आलं म्हणून लोक माझी वाहवा करतात. करू नका. तो हात पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होता.

ब्रिडीबाई दर मंगळवारी येऊन समोरच्या बाकावर बसतात. तुम्ही आलात तर त्यांच्याशी दोन शब्द बोला. माफी मागायची आम्हा दोघांनाही आहे, आणि नोरा तर राहिली नाही.