पहारेकऱ्याला सुट्टी

उत्तराला आपल्या हुशारीचा अंमळ गर्वच होता. हुबळीच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवी, आणि २००६ साली नवनगरच्या घरात तिने दोन कॉम्प्युटर वायरीने जोडले होते, एक तिचा नि एक अप्पांचा. अप्पा म्हणजे तिचे वडील, राघवेंद्र मास्तर. त्यांची नजर फार अधू झाली होती. म्हणून ती रोज सकाळी पेपर वाचून रेकॉर्ड करी, आणि दुपारी एक बटण दाबून अप्पा लेकीच्या आवाजात बातम्या ऐकत.

त्या रविवारी तिने लिनक्सची नवी आवृत्ती घातली आणि बातम्या मुक्या झाल्या. तासभर डोकेफोड केल्यावर कारण सापडलं. नव्या कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यात, सुरक्षेसाठी एक पहारेकरी बसला होता. तिने रेकॉर्डिंग आपल्या खासगी फोल्डरातून दोघांच्या फोल्डरात हलवलं, पण त्यावरची 'खासगी' ही चिठ्ठी तशीच राहिली. ती बघून तो अडवी. सगळ्या परवानग्या देऊनही ऐकेना.

अप्पांना तिने हे समजावून सांगितलं.

"मालकीण सांगते तरी सोडत नाही?"

"नाही अप्पा. आपल्या भल्यासाठीच असतो तो."

"तुझ्यासारखाच की ग मग."

उत्तराचा हात कीबोर्डवरच थबकला. पावसाळ्यात सायकलची धडक बसून अप्पा पडले, तेव्हापासून फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या पर्समध्ये. दोन गल्ल्यांपलीकडे अप्पांचे जुने मित्र हणमंतअण्णा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्याकडचा अप्पांचा रोजचा चहा तुटला होता. रविवारी ती सोबत नेई, तेही घड्याळ बघत. अप्पांनी दोनदा किल्ली मागितली, तिने दोनदा उडवून लावलं, मग त्यांनी मागणंच सोडलं. बापाला आपण कोंडून घातलंय हे तिला आत्ता कळलं, आणि स्वतःचाच राग आला.

तिने पहारेकऱ्याला आज्ञा दिली. आता तो अडवणार नाही, काही चुकलं तर नुसतं लिहून ठेवील, असं तिने अप्पांना सांगितलं. पलीकडच्या खोलीत तिचा आवाज बातम्या वाचू लागला.

मग पर्समधून किल्ली काढून तिने अप्पांच्या हातात ठेवली.

"काठी घेऊन जावा. मी येत नाही."

अप्पांनी चाचपडत कुलूप उघडलं आणि ते कडेकडेने निघाले. उत्तरा फाटकाशी उभी राहिली. कोपऱ्यावर ते अडखळले. तिचं पाऊल उचललं गेलं. तिने ते मागे घेतलं. काठी टेकून अप्पा सावरले आणि मागे न बघताच मोठ्याने म्हणाले,

"खड्डा आहे. लिहून ठेव."