तीस पौंडांची पाटी

मी पाटी बोलतेय. दुकानावरची नव्हे, शाळेतली तर नव्हेच. विमानाच्या सामानाच्या खणावर चार खिळ्यांनी ठोकलेली, वीतभर लांबीची पितळी पाटी. माझ्यावर इंग्रजीत एकच ओळ आहे: या खणात तीस पौंडांहून जास्त वजन ठेवू नये. एवढं सोपं सांगणं, पण ते ऐकायला लोकांना किती वर्षं लागावीत!

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. आमचं विमान दुपंखी, म्हणजे एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं, लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं. बैठका दोन, एकामागं एक, आणि मागच्या बैठकीच्या पाठीशी माझा खण. जहाजातून, मग रेल्वेतून आम्ही हैदराबादेस आलो. तिथं व्यंकट मास्तर नव्या पोरांना विमान शिकवायचे. रोज सकाळी ते ओरडायचे, "पाटी वाचली का?" पोरं चालता चालता म्हणायची, "वाचली!" कुणी माझ्याकडं मान वळवून बघेल तर शपथ. माणसाची ही सवयच आहे. जे रोज समोर असतं ते त्याला दिसत नाही.

त्या पोरांतला एक कल्याणप्पा, कळंबच्या सोमलिंगअप्पा अडत्यांचा मुलगा. हात चांगला, पण जरा भिडस्त. सेहेचाळीस सालच्या वैशाखात मास्तरांनी त्याला एकट्यानं लांबचा पल्ला मारायला सांगितलं, आणि तोही त्याच्याच गावचा. "कळंबच्या माळावर उतरायचं. दहाच्या आत परत उडायचं. ऊन चढलं की हवा पातळ होते. मग पंखांना उचल मिळत नाही, इंजिनालाही दम लागतो, आणि विमान दुप्पट पळतं तेव्हा कुठं सुटतं. अंधाराच्या आत आला नाहीस तर नाव खोडीन."

साडेआठला आम्ही माळावर उतरलो. कल्याणप्पानं शिकवल्याप्रमाणं सगळा माळ पावलांनी मोजला. मधोमध एक धोंडा ठेवून त्याला चुना फासला. या धोंड्यापर्यंत विमानाची जमिनीला टेकलेली शेपटी उचलली नाही, तर इंजिन बंद करायचं, हा मास्तरांचा नियम. माळाच्या टोकाला बाभळी होत्या.

सगळं कळंब लोटलं होतं. सोमलिंगअप्पांनी पेट्रोलचे डबे आधीच आणून ठेवले होते, ते ओतून झाले. पण घरी आलेला मुलगा न जेवता जाईल कसा? पुरणपोळी झाली, मामा झाले, मावशी झाल्या. दहाचे बारा वाजले.

तेवढ्यात इकडं माझ्यावर संकट आलं. कल्याणप्पाची आई सिद्धम्मा चार सवाष्णी घेऊन माळावर आली. विमानाला हळद-कुंकू लावून म्हणाली, "पैल्यांदा आमच्या दारात आलीया. लेकीला रिकामी कशी धाडू?" आणि माझा खण उघडून त्यांनी विमानाची ओटी भरली! चोळीचा खण, नारळ, जोंधळे, गहू, शेंगा, गुळाची ढेप. एकेकीचं थोडंच, पण हात पाच होते. मी तिथंच होते हो, डोळ्यांसमोर! पण मला वाचणार कोण?

कल्याणप्पा आला. "अव्वा, काय ठेवलंस?"

"वटी भरली बाळा, जराशीक."

त्यानं झाकण उघडलं नाही. आईसमोर उघडायची त्याला भीड वाटली. तोंडानं मात्र पाठ म्हटला, "पाटी, वाचली." मला इतका संताप आला म्हणून सांगू!

ऐन एकच्या उन्हात आम्ही पळायला लागलो. लोक शिट्ट्या मारत होते. शेपटी जमीन सोडेना. चुन्याचा धोंडा आला, तरी शेपटी खालीच. आता थांबावं, तर सगळं गाव बघतंय, अप्पा बघतायत. त्यानं मनात म्हटलं असणार, अजून थोडं, अजून थोडं. धोंडा मागं गेला. मेला आता, मी म्हटलं. आणि त्याच क्षणी त्यानं इंजिन बंद केलं. या विमानाला ब्रेक नसतो. आम्ही घरंगळत बाभळीपर्यंत गेलो. एक फांदी डाव्या पंखाला घासली आणि विमान थांबलं.

"आरं, घोडं अडलं की!" लोक हसले. सोमलिंगअप्पांची मान खाली गेली.

कल्याणप्पा उतरला. त्यानं खण उघडला आणि पहिल्यांदा मला अक्षर न् अक्षर वाचलं. "तीस पौंड," तो मोठ्यानं म्हणाला.

अप्पा धान्याच्या अडतीत मुरलेले. "म्हंजी साडेचौदा शेर," ते लगेच म्हणाले आणि दुकानातून तराजू मागवला. ओटीचं वजन भरलं एक मण तीन शेर, म्हणजे त्रेचाळीस शेर, जवळजवळ तिप्पट.

"मग पुढची बैठक रिकामीच हाय की. तिथं ठेव," अप्पा म्हणाले.

"तिथंबी विमान वळवायचा दांडा हाय, अप्पा, माझ्या मागल्या दांड्याला जोडलेला. पोतं सरकलं, दांडा अडकला, की संपलं. आन् मागल्या खणात वजन वाढलं की नाक वर होतं. वेग पडतो, पंख हवा सोडतात, विमान धोंड्यावानी खाली येतं."

सिद्धम्मा पुढं आली. "भरलेली वटी कुणी परत काढतं व्हय? अपशकुन हाय त्यो!"

कल्याणप्पानं बाभळींकडं बोट दाखवलं. मग तो म्हणाला, "अव्वा, ही वटी घेऊन उडालो असतो, तर तू मला त्या बाभळीत गोळा केलं असतंस."

ती बाभळींकडं बघत राहिली. मग खाली बसली आणि रडत रडत स्वतःच्या हातानं एकेक जिन्नस बाहेर काढला. एक नारळ तेवढा राहू दिला.

ऊन उतरेपर्यंत थांबलं तर वाटेत अंधार होणार, हे कल्याणप्पाला कळत होतं. नाव खोडलं जाणार, हेही कळत होतं. तरी तो थांबला. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच आम्ही निघालो. गार हवा, हलका खण. चुन्याचा धोंडा यायच्या कितीतरी आधी शेपटी उचलली.

हैदराबादेत मास्तर लालबुंद होऊन उभे होते. कल्याणप्पानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. मास्तरांनी पंखावरचा ओरखडा पाहिला, खणातला नारळ पाहिला. "पाटी वाचली का?"

"काल वाचली, मास्तर."

नाव खोडलं गेलं नाही.

दोन वर्षांनी निजामाचं राज्य गेलं. आमचं विमान जुनं झालं होतं, ते मोडीत काढलं. कल्याणप्पानं मला खिळ्यांसकट उचकटून घरी आणलं. आता मी कळंबात, अडत्यांच्या घराच्या दारावर, चौकटीला ठोकलेली आहे. पितळ काळवंडलंय. अक्षरांत कुंकू भरलंय, कारण सिद्धम्मा मला रोज बोट लावते. तिला वाचता येत नाही, इंग्रजी तर नाहीच.

कल्याणप्पा आता दुसऱ्या गावी विमान शिकवतो. सुट्टीला येतो आणि जाताना मोटारीनं जातो. तरी सिद्धम्मा त्याचं बोचकं तराजूत घालते. साडेचौदा शेराच्या वर चार शेंगा जरी गेल्या, तरी त्या काढून घेते. तो हसतो, "अव्वा, मोटारीला हे लागत न्हाय."

"मला लागतं," ती म्हणते आणि दारात आडवी उभी राहते. "पाटी वाचलीस का?"

माझी ओळ त्याला पाठ आहे. तरी तो मान वर करतो, माझ्याकडं नीट बघतो आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचतो. तुम्हीही, बाबांनो, तुमच्या समोरची पाटी अशीच वाचत जा. त्याचं वाचून संपलं, की सिद्धम्मा दारातून बाजूला होते.